न दुखणारी गाठ : कर्करोगाच्या पूर्वसूचना कशा ओळखाव्यात?

वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचे आकडे आणि जमाखर्चाचा ताळेबंद असतो. देणगीदारांस व विश्वस्तांस तो देणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु रुग्ण दवाखान्याच्या पायरीवर येण्यापूर्वी घरी जे आठवडे व महिने गेलेले असतात, त्यांची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. कर्करोगाच्या बाबतीत बहुतेक वेळा याच न नोंदलेल्या काळात रुग्णाचे भवितव्य ठरते. या काळात रुग्णाजवळ डॉक्टर नसतो. असतात ती घरची माणसे. म्हणूनच अहवालाच्या या पानांत आम्ही त्यांच्याशी बोलू इच्छितो.

१. दुखत नाही, हेच फसवे

बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य आम्हांस वारंवार ऐकू येते : "गाठ होती हो, पण दुखत नव्हती, म्हणून लक्ष दिले नाही." आपल्या मनात रोग आणि वेदना यांची सांगड इतकी पक्की बसली आहे की, जे दुखत नाही ते निरुपद्रवी असे आपण गृहीत धरतो. कर्करोगाच्या बाबतीत ही समजूत घातक ठरते.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. गळू ठणकते, कारण तेथे शरीराचा जंतूंशी लढा चालू असतो. सूज येते, पू धरतो. कर्करोगाच्या पेशी बाहेरून आलेल्या नसतात. त्या आपल्याच शरीरातील पेशी असतात. वाढीचा नियम सोडून त्या बेसुमार वाढू लागलेल्या असतात. त्यामुळे आरंभी शरीर फारशी तक्रार करीत नाही. ही वाढ आसपासच्या नसांपर्यंत वा हाडांपर्यंत पोहोचली, तिच्यात जंतूंचा शिरकाव झाला किंवा तिने एखादा मार्ग अडविला, म्हणजे मग वेदना सुरू होतात. तोवर बरे होण्याच्या संधीचा मोठा भाग निसटून गेलेला असतो. वेदना ही पुष्कळदा कर्करोगाची शेवटची सूचना असते. पहिल्या सूचना मूक असतात आणि त्या ओळखाव्या लागतात.

२. बार्शीने दिलेला धडा

"नुसती लक्षणे सांगून काय होणार?" असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळाले आहे. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भ. म. नेने आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साह्याने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातील लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली नोंदणी. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती.

शहरातील नोंदणीत कर्मचारी रुग्णालयांतून फिरून कागद तपासतात. खेड्यांत ही पद्धत चालणार नव्हती, कारण अनेक रुग्ण कोणत्याच रुग्णालयात पोहोचत नसत. यास्तव बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. चावडीवर, देवळात, घरांच्या ओसरीवर बसून ते लोकांस कर्करोगाच्या पूर्वसूचना समजावून सांगत. कोणास तसे काही जाणवत असल्यास त्याचे मन वळवून तपासणीस आणीत. त्या काळी या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळत असे. काही वर्षांतच असे दिसून आले की, हा रोग घेऊन येणाऱ्या स्त्रियांपैकी पूर्वीपेक्षा अधिक जणी आरंभीच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. ना नवे यंत्र आले होते, ना नवे औषध. लोकांस ठाऊक झाले होते, एवढाच काय तो फरक. हे निष्कर्ष १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले.

३. शरीर देत असलेल्या सूचना

पुढील लक्षणांपैकी एखादे दिसले म्हणजे कर्करोग झालाच, असे मुळीच नाही. बहुतेक वेळा कारण साधे निघते. परंतु ते साधे आहे हे तपासणीनंतर ठरावे. अंदाजाने ठरू नये.

तोंड : आपल्या भागात तंबाखू-चुना, मावा, गुटखा, सुपारी आणि दातांना मशेरी लावणे या सवयी घरोघरी आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सवय सुटलेली नाही. तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, हे सिद्ध झालेले आहे. गालाच्या आत वा जिभेच्या कडेला पडलेला व न भरणारा व्रण, पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, तिखट अजिबात सहन न होणे, कारणाविना दात हलणे, बसणारी कवळी एकाएकी न बसणे, ही सर्व लक्षणे दखल घेण्याजोगी आहेत. यांपैकी लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा समजावा. एक सोपी परीक्षा प्रत्येकास घरी करता येते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमधून तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील, तर तोंड आखडू लागले आहे असे समजावे. सुपारीमुळे होणारा हा विकार पुढे कर्करोगाकडे झुकू शकतो.

घसा व अन्ननलिका : आवाज बसला आणि तीन आठवडे सुटला नाही, तर स्वरयंत्र तपासून घ्यावे. अन्ननलिकेच्या रोगात प्रथम घट्ट पदार्थ अडकतो, मग मऊ आणि सरतेशेवटी पाणी. येथे घरच्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण रुग्ण नकळत स्वतःच तडजोड करतो. आयुष्यभर ज्वारीची भाकरी चावून खाणारा मनुष्य ती आमटीत कुस्करू लागतो, पुढे दुधात भिजवितो, मग "आता भातच बरा" म्हणतो. त्याची तक्रार काहीच नसते. पण ताट वाढणाऱ्या माउलीच्या नजरेस हा बदल येतो. तो तिने बोलून दाखवावा.

स्तन : न दुखणारी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव, त्वचेवर खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत दिसणे, काखेतील गाठ ही लक्षणे आहेत. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; तथापि कोणती तशी आहे हे हाताने चाचपून घरी कळत नाही. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो, हेही ध्यानात असावे.

गर्भाशयमुख व गर्भाशय : पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, मग तो एकच डाग का असेना, हे तपासणीचे कारण आहे. "पाळी परत आली" असे म्हणून त्याचे कौतुक करू नये. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, पतिपत्नी-संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे पाणी जाणे याही सूचनाच होत.

छाती : तीन आठवड्यांहून अधिक चाललेला खोकला, थुंकीतून रक्त, वाढता दम ही क्षयाची लक्षणे असू शकतात, तशीच फुप्फुसाच्या कर्करोगाचीही. खोकला दोन आठवड्यांहून अधिक चालल्यास क्षयासाठी थुंकीची तपासणी करावीच. परंतु तपासणीत क्षय सिद्ध झालेला नसताना केवळ छायाचित्रातील डागावरून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे चालू असतील आणि प्रकृती सुधारत नसेल, तर पुढील तपासण्यांचा आग्रह धरावा.

शौच व लघवी : शौचावाटे रक्त गेले की आपण "मूळव्याध आहे" असे परस्पर ठरवून टाकतो. मूळव्याध असूही शकते. पण शौचाच्या नेहमीच्या वेळेत व स्वरूपात झालेला टिकाऊ बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना आणि वाढता पांडुरोग असल्यास आतून तपासणी हवी. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत रक्त कमी का झाले, याचा शोध न घेता केवळ लोहाच्या गोळ्या देत राहणे योग्य नव्हे. लघवीतून वेदनेविना एकदाच रक्त गेले आणि आपोआप थांबले, तरी ते विसरू नये. मूत्राशयाचा कर्करोग असाच येतो आणि लपतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी याबाबत अधिक सावध असावे.

त्वचा : तीळ वा चामखीळ यांच्या आकारात, रंगात किंवा कडेत बदल होणे, त्यातून रक्त येणे आणि कोठलीही न भरणारी जखम यांकडे दुर्लक्ष करू नये. जुन्या भाजल्याच्या व्रणावर पुन्हा जखम झाल्यास ती दाखवावी. कमरेला वर्षानुवर्षे नाडी करकचून बांधल्याने तेथील कातडी काळवंडते व चिरते. अशा जागी क्वचित कर्करोग झाल्याच्या नोंदी महाराष्ट्रातूनही प्रसिद्ध झाल्या आहेत. नाडी सैल बांधणे हा साधा उपाय आहे.

सर्वसाधारण : मान, काख किंवा जांघ येथील वाढती गाठ आणि कोणताही प्रयत्न न करता घटणारे वजन. साठ किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत ते वर्षभरात तीन किलोंहून अधिक वजन विनाकारण उतरले, तर कारण शोधलेच पाहिजे.

लहान मुले : छायाचित्रात वा प्रकाशात डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक, लांबलेला ताप व त्यासोबत फिकटपणा, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर निळे डाग, अंघोळ घालताना पोटात हाताला लागणारी गाठ. मुलांचे अनेक कर्करोग वेळेवर उपचार झाल्यास पूर्ण बरे होतात. म्हणून येथे दिवसही मोलाचे असतात.

४. किती दिवस वाट पाहावी?

भीतीपोटी रोज धावत येणे नको आणि "बघू पुढे" म्हणून वर्ष घालविणेही नको. यासाठी पुढील अवधी लक्षात ठेवावेत.

• तोंडातील व्रण किंवा चट्टा : दोन ते तीन आठवडे. दरम्यान तंबाखू-सुपारी पूर्ण बंद.
• बसलेला आवाज : तीन आठवडे.
• खोकला : दोन आठवड्यांनंतर थुंकी तपासणी, क्षय नसल्यास व खोकला चालूच राहिल्यास पुढील तपासणी.
• शौचाच्या सवयीतील बदल : तीन ते चार आठवडे.
• स्तनातील नवी गाठ, गिळताना अडकणे, पाळी गेल्यानंतरचे रक्त, थुंकी-लघवी-शौचातून रक्त, मुलाच्या डोळ्यातील पांढरी चमक : वाट पाहू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांस दाखवावे.

थोडक्यात सूत्र असे : जे नवे आहे, जे जात नाही आणि जे वाढते आहे, ते दाखवावे, दुखो वा न दुखो.

५. लक्षण दिसण्याच्याही आधी

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते. लक्षण दिसले याचा अर्थ रोगाने मूळ धरले असण्याची शक्यता आहे. काही कर्करोग मात्र त्याआधीच्या अवस्थेतही सापडतात. गर्भाशयमुखात कर्करोग होण्यापूर्वी बरीच वर्षे, पुष्कळदा दहा वर्षांहून अधिक काळ, पेशींत बदल होत असतात आणि त्या काळात स्त्रीला काहीही त्रास होत नाही. तपासणीवाचून ते कळण्याचा मार्ग नाही.

याचाही पुरावा आपल्या शेजारीच मिळाला. बार्शीच्या याच मंडळींनी टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत १९९९ पासून मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्या एका गटाची मानवी पॅपिलोमा विषाणूसाठी आयुष्यात एकदाच तपासणी झाली. या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. ३१,४८८ स्त्रियांच्या दुसऱ्या एका गटास नेहमीच्या आरोग्यसेवा उपलब्ध होत्या. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात विषाणू-तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. दुसऱ्या गटात ६४. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या तपासणी-धोरणांत त्यांचा विचार झाला. मराठवाड्यातील शेतकरी व मजूर स्त्रियांनी जगाला दिलेले हे दान आहे, असे आम्ही मानतो.

स्तनाच्या बाबतीत मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीमुळे रोग अधिक लवकर सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात असा लाभ दिसला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतून शिकलेल्या हातांचे मोल दिसून येते.

आज शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढील व्यक्तींसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी समाविष्ट आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात तिची चौकशी करावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी लस मुलींना ९ ते १४ या वयात देणे सर्वांत हितकर असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे. लस घेतली तरी पुढे योग्य वयात तपासणी करावीच.

६. उशीर का होतो?

उशिराचा सारा दोष अज्ञानावर ढकलणे अन्यायाचे होईल. विड्या वळणाऱ्या भगिनीची मजुरी हजार विड्यांवर ठरते. तिचा दवाखान्यातील एक दिवस म्हणजे एका दिवसाची चूल. यंत्रमागावरील कामगाराचे खाडे कापले जातात. ऊसतोडीस गेलेले कुटुंब हंगाम संपेपर्यंत गावी परतत नाही. कोणी ज्वारीच्या काढणीपर्यंत थांबतो, कोणी आषाढी वारी होईपर्यंत, तर कोणी लेकीचे लग्न उरकेपर्यंत. स्त्रिया लाजेपोटी सांगत नाहीत, आणि सांगितले तरी घरातील खर्चाच्या यादीत त्यांचे दुखणे शेवटी येते. ही कारणे खरी आहेत. परंतु रोगास ती ठाऊक नसतात.

काही गैरसमज मात्र सोडता येण्यासारखे आहेत. "तुकडा काढला की रोग पसरतो" हा त्यांतील सर्वांत हानिकारक. तुकडा काढून तपासल्यावाचून रोगाचे निश्चित नाव कळत नाही आणि योग्य रीतीने केलेल्या या तपासणीस भिऊन ती टाळणे हेच धोक्याचे आहे. कर्करोग संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे करण्याचे कारण नाही. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळही नव्हे. झाडपाल्याचे लेप लावून गाठ "पिकण्याची" वाट पाहणे म्हणजे तिला वाढण्यास सवड देणे होय.

खर्चाची धास्ती हेही मोठे कारण. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार अंगीकृत रुग्णालयांत समाविष्ट आहेत. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन तेथील आरोग्यमित्रास भेटावे. उपचार नाकारण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी.

७. तपासणीस येताना

लक्षण केव्हा सुरू झाले, वाढले की तसेच आहे, कोणती औषधे घेतली आणि कोणत्या सवयी किती वर्षे आहेत, हे कागदावर लिहून आणावे. जुने कागद व छायाचित्रे टाकून देऊ नयेत. सोबत घरातील एक जाणती व्यक्ती असावी. प्रथम शारीरिक तपासणी होते. आवश्यक वाटल्यास सुईने पेशी घेऊन किंवा लहान तुकडा काढून तपासणी केली जाते. अहवाल येईपर्यंतचे दिवस कठीण असतात. पण अहवाल नेण्यास न येणे ही त्याहून कठीण गोष्टींची सुरुवात असते. अहवाल निर्धोक आला तर आनंदाने घरी जावे. "उगाच आलो" असे वाटून घेऊ नये. अशा निर्धोक अहवालांसाठीच तर तपासणी असते.

८. आमचे निवेदन

देणगीतून खाट मिळते, यंत्र मिळते, गरजूस औषध मिळते. त्याबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत. परंतु बार्शीच्या अनुभवाने हेही दाखविले की, ओसरीवर बसून सांगितलेली माहिती रुग्णास लवकर दवाखान्यात आणते, आणि लवकर आलेल्या रुग्णाला यंत्राचा व औषधाचा अधिक उपयोग होतो. ही दुसरी देणगी प्रत्येकास देता येण्यासारखी आहे. हा अहवाल वाचून झाल्यावर कपाटात ठेवण्याऐवजी यातील ही पाने घरात मोठ्याने वाचून दाखवावीत. घरकामास येणाऱ्या बाईंना, शेतावरील गड्यास, कारखान्यातील सहकाऱ्यास चौथ्या प्रकरणातील अवधी सांगावेत. कोणाच्या बोलण्यात "दुखत नाही" हे शब्द आले, तर त्यास एकट्यास न पाठविता आपण स्वतः सोबत घेऊन यावे.